काविळीची माळ

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकला की लोक स्वतःच्या पथरीबद्दल बोलायला लागत. विषय होता, 'दीर्घ आजारपणानंतर कामावर परतणे : उज्जैनमधील कार्यालयांचा समाजशास्त्रीय अभ्यास'. आईला तो अजिबात पसंत नव्हता. लोकांच्या मुली स्थळं बघतात आणि आमची भार्गवी आजारी माणसं शोधत हिंडते, असं ती फ्रीगंजमध्ये भेटेल त्याला सांगायची. माझे गाइड डॉ. श्रोत्रिय यांना विषय पसंत होता, पण त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट चार प्रकारांत बसवलेली हवी असे. "टाइप बनाइए बेटा, टाइप. किस्से तो मेरी दादी भी सुनाती थीं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मान डोलवायची आणि बाहेर येऊन दात-ओठ खायची.

ते चौऱ्याण्णव साल होतं. टावर चौकात रंगीत टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी असे, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि सरकारी-निमसरकारी ऑफिसांत 'स्वेच्छा सेवानिवृत्ती' हा शब्द नव्यानेच आला होता. स्वेच्छा नेमकी कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. माणसं कमी करायची होती, आणि कुणाला कमी करायचं हे ठरवताना साहेबलोक सगळ्यात आधी कोण आजारी असतो ते बघत. त्यामुळे माझ्या विषयाला एकाएकी भाव आला होता.

अवंती बीज निगम हे देवास रोडवरचं एक जुनं निमसरकारी ऑफिस. शेतकऱ्याला विकायच्या आधी बियाणं उगवतं की नाही, हे तिथे तपासत. ओल्या कागदावर सोयाबीनचे दाणे मांडायचे, गरम दमट कपाटात ठेवायचे, आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. काम जोडीने चाले. एकाने मोजायचं, आणि दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं. दोघांचं जुळलं तरच पोत्यावर शिक्का बसे. एकाचा हात चुकला तर बदनामी दोघांची. म्हणून त्या प्रयोगशाळेत कोण कुणाचा जोडीदार, हा प्रश्न लग्न जमवण्याइतकाच नाजूक होता.

तिथले यज्ञेश्वर पागे आमच्या जुन्या ओळखीचे. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत मुलांच्या स्पर्धा तेच घ्यायचे. लहानपणी त्यांनी मला लिंबू-चमच्यात बाद केलं होतं आणि ते मी अजून विसरलेले नाही. शेतकीचे बी.एस्सी., पन्नाशीचे, कमी बोलणारे. आदल्या वर्षी त्यांना जबर कावीळ झाली, सगळा पावसाळा ते घरी होते आणि दिवाळीनंतर कामावर परतले. माझ्या अभ्यासाला असाच माणूस हवा होता.

माळव्यात काविळीवर माळ घालतात. निगमच्या जीपचा ड्रायव्हर गेंदालाल याने आपल्या गावाहून पागेकाकांसाठी ती आणली होती. हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधलेले असतात. सुरुवातीला माळ गळ्याभोवती कशीबशी बसते, मग रोज थोडी थोडी आपोआप लांब होत जाते, आणि बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. पागेकाकांची माळ बेंबीपर्यंत आली होती. ती कशी आली, हे ऑफिसातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळं, पण डोळे तेवढेच मोठे करून सांगितलं. गेंदालाल दर रविवारी माधव नगरला त्यांच्या घरी जाऊन माळ बघून यायचा आणि सोमवारी चहाच्या वेळी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवायचा, "यहाँ तक आ गई." सगळं ऑफिस मोसंब्यांच्या पिशव्या घेऊन समाचाराला जाऊन आलं होतं.

काका परतले त्या दिवशी ऑफिसने त्यांना हार घातला आणि त्यांच्या पोटावर पहारा बसवला. अकरा वाजता चहाबरोबर कचोऱ्या यायच्या. काकांना कचोरी बंद. पेढा बंद, समोसा बंद, शेव बंद. उज्जैनच्या माणसाची शेव बंद करणं म्हणजे काय, हे उज्जैनच्याच माणसाला कळेल. त्यांच्यापुढे भाजलेले चणे आणि उसाच्या रसाचा पेला येई. चुकून हात बशीकडे गेला की कुणीतरी ओरडे, "पागेजी, परहेज!" आणि काका हात मागे घेत. तो हात जरा थरथरायचा. पीलिया कमजोर कर देता है, असं लोक काविळीबद्दल म्हणत.

मी हे सगळं लिहून घेतलं. सहकाऱ्यांची आस्था, रुग्णाची नवी ओळख, आहाराच्या नियमांतून तिला मिळणारी रोजची मान्यता. प्रकार पहिला, पूर्ण परती. डॉ. श्रोत्रियांनी कागद वाचून पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा मागवला. "आदर्श केस," ते म्हणाले.

त्यांना त्याहून आवडला होता तो माझा चौथा प्रकार. शहरातल्या ऑफिसांत फिरून मी विचारलं होतं, मनाच्या आजारातून उठून कामावर आलेलं कुणी आहे का? एकही सापडला नव्हता. हृदयवाले परतले, क्षयवाले परतले, पाय मोडलेले परतले. डोकं बिघडलेला कुणी परतला नाही. "यही तो फाइंडिंग है," डॉ. श्रोत्रिय म्हणाले होते. त्या रिकाम्या रकान्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहणार होतं.

त्याला पुरावा म्हणून निगममध्येच एक माणूस तयार होत होता. सुधाकर दिघे, पस्तिशीचा, त्याच प्रयोगशाळेतला. होळीच्या सुमारास त्याचं बोलणं बंद झालं. तो दाण्यांच्या ट्रेपुढे बसून राही आणि मोजत नसे. एक दिवस तो तिथेच रडायला लागला आणि थांबेचना. त्याचा भाऊ सरळ स्वभावाचा. त्याने इंदूरच्या डॉक्टरांचं नाव आणि आजाराचं नाव, दोन्ही ऑफिसला जसंच्या तसं कळवून टाकलं. सुधाकरच्या समाचाराला कुणी गेलं नाही. कुणी वाईट माणसं होती अशातला भाग नाही. काय न्यायचं आणि जाऊन काय विचारायचं, हेच कुणाला कळेना. मोसंबी नेऊन भागणारं ते दुखणं नव्हतं.

जूनमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं की सुधाकरची तब्येत ठीक आहे, कामावर यायला हरकत नाही. त्याची बायको प्रतिभा तो कागद घेऊन व्याससाहेबांकडे गेली. व्याससाहेब म्हणजे निगमचे प्रमुख. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि प्रेमाने स्वेच्छा सेवानिवृत्तीचं समजावून सांगितलं. जुलैअखेर नावं वर पाठवायची आहेत, तोवर विचार करा. प्रतिभा बाहेर आली तेव्हा मी वऱ्हांड्यात होते. "ताई, ते घरी बसले तर संपतील हो," ती मला म्हणाली. "घरात ते दिवसभर भिंतीकडे बघत असतात. कामावर गेले तरच काही होईल." मी नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि मला स्वतःचा राग आला.

त्याच आठवड्यात मी इंदूरला एका लायब्ररीत गेले होते. परत येताना नानाखेड्याला बसमधून उतरले तर स्टँडच्या कडेला कचोरीच्या गाडीमागे, भिंतीकडे तोंड करून, एक ओळखीची पाठ दिसली. यज्ञेश्वर पागे दोन्ही हातांनी कचोरी खात होते. हिरव्या चटणीसकट. बशीत दुसरी तयार होती.

"काका!" मी ओरडले. ते दचकले. घास गिळला, रुमालाने तोंड पुसलं, आणि मग बहुधा आता लपवण्यात अर्थ नाही असं वाटून त्यांनी दुसरी कचोरी माझ्यापुढे धरली.

"खा. मस्त आहे एकदम."

"तुमचं यकृत?"

"यकृताला काय धाड भरली आहे?" काका म्हणाले. "मला कधी पीलिया झालाच नाही, बेटा."

आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. काका सावकाश बोलत होते, मध्येच थांबत होते, पण एकदा सुरू झाल्यावर त्यांनी काही गाळलं नाही. आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना सकाळी उठवेनासं झालं. चहाचा कप उचलणं जड वाटे. एकदा ते क्षिप्रेच्या घाटावर जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि कशासाठी आलो होतो हे लक्षात आल्यावर घाबरून घरी आले. वासंतीकाकू त्यांना इंदूरला घेऊन गेल्या. सुधाकर ज्यांच्याकडे जातो त्याच डॉक्टरांकडे. गोळ्या सुरू झाल्या. हात थरथरतो तो गोळ्यांनी. दर महिन्याला ते इंदूरला जातात आणि परतताना इथे उतरून कचोरी खातात, एवढीच त्यांची चैन.

"आणि कावीळ?"

"ती तुझ्या काकूची. स्नेहाचं लग्न करायचंय. बाप डोक्याच्या डॉक्टरकडे जातो म्हटलं तर कोण करेल पोरगी? पीलिया कसा, सगळ्यांना होतो. कुणी काही विचारत नाही. फक्त माळ घेऊन येतात." ते जरा हसले. "तो गेंदालाल माळ घेऊन आला तेव्हा मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तो म्हणाला, आँखें तो पीली नहीं हैं. तुझी काकू म्हणाली, अंदर का पीलिया है."

"पण माळ वाढली ना! सगळे सांगतात."

"वाढणारच. ओल्या काड्या असतात. वाळल्या की आकसतात, गाठीतला दोरा ढिला पडतो, माळ लांबते. खुंटीवर टांगली तरी वाढते. आमची नुसती घरात राहून वाढत होती आणि सगळं ऑफिस खूश होत होतं." समोरून देवासची बस गेली. "मी त्या वेळी काहीच नव्हतो, भार्गवी. पण रविवारी गेंदालाल येणार म्हणून उठून बसायचो. सदरा घालायचो. तेवढं करायचो."

माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या चौथ्या रकान्याचा. तो रिकामा नव्हता. त्यातली माणसं दुसऱ्या रकान्यांत बसून भाजलेले चणे खात होती. शहरातल्या माझ्या किती काविळी आणि किती टायफॉइड खरे होते, देव जाणे. दुसरा विचार सुधाकरचा आला, आणि काकांनाही तोच आला असावा.

"सुधाकरच्या जोडीला बसायला कुणी तयार नाही," ते म्हणाले. "व्याससाहेब सोमवारी सगळ्यांना विचारणार आहेत. कुणी नाही म्हटलं की त्याचं नाव जाणार."

"तुम्ही बसा ना."

"मी म्हटलं होतं. ते म्हणतात, पागेजी, आप खुद बीमारी से उठे हैं, आपको उसके साथ कैसे बैठा दें." त्यांनी रिकाम्या बशीकडे बघितलं. "माझीच दया येऊन त्याला बाहेर काढतायत."

सोमवारी मी मुद्दाम गेले. प्रयोगशाळेत अकराचा चहा आला, कचोऱ्या आल्या, काकांपुढे चणे आले. व्याससाहेब उभ्यानेच बोलले. दिघेजी चांगले कर्मचारी, त्यांच्याबद्दल सगळ्यांना सहानुभूती. पण काम जोडीचं. कुणाची तयारी आहे? सगळ्यांनी खाली बघितलं. एक जण म्हणाला, मोजता मोजता परत रडायला लागला तर? दुसरा म्हणाला, हातात चिमटा असतो साहब. डॉक्टरांचा कागद टेबलावर पेपरवेटखाली होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पागेकाका उठले. बशीतली कचोरी उचलली आणि मोठा घास घेतला.

"पागेजी!" तिघे-चौघे एकदम ओरडले. गेंदालाल दारात होता, तो धावत आत आला आणि त्याने काकांचं मनगट धरलं. काकांनी ते सोडवून घेतलं, घास चावून खाल्ला, आणि मग बोलले. हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. मला पीलिया कधीच झाला नव्हता. सुधाकरला जे झालं तेच मला झालं होतं. डॉक्टर तेच, गोळ्याही त्याच. इथे परत आलो तेव्हा तुम्ही मला हार घातला. त्यालाही येऊ द्या. मी त्याच्या जोडीला बसतो.

असं काही कुणी बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी होईल. लोक चिडतील, मागे सरकतील, निदान कुणीतरी काकांच्या चिमट्याकडे बघेल. त्यातलं काही झालं नाही. व्याससाहेबांचे डोळे भरून आले. "पागेजी, आपका दिल बहुत बड़ा है," ते म्हणाले. "लेकिन उसके लिए अपने ऊपर ऐसा इल्ज़ाम मत लीजिए."

कुणालाच ते खरं वाटलं नव्हतं.

"मैं सच कह रहा हूँ," काका म्हणाले.

"सच कैसे?" गेंदालाल दुखावल्यासारखा म्हणाला. "माला नाभि तक आई थी. मैंने अपनी आँखों से देखी. पीलिया नहीं था तो माला किसकी बढ़ी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर होतं. माळ वाढली होती. काका माझ्याकडे बघायला लागले. काड्यांबद्दल, दोऱ्याबद्दल, वाळण्याबद्दल ते आता सांगणार असं मला वाटलं, आणि बी.एस्सी. झालेला माणूस हे सांगायला तोंड उघडतोय तेवढ्यात गेंदालालच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"मतलब," तो सावकाश म्हणाला, "माला ने वो वाली बीमारी उतारी थी?"

माझं खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होते, नाही म्हणा काका, नीट समजावून सांगा. काकांनी टेबलावरच्या डॉक्टरांच्या कागदाकडे एकदा बघितलं.

"हाँ," ते म्हणाले. "वही उतारी थी."

मग मात्र सगळे बोलायला लागले. कुणाला आठवलं की काकांचे डोळे पिवळे नव्हतेच. कुणाला आठवलं की ते तेव्हा भिंतीकडे तोंड करून असत. पाच मिनिटांत सगळ्यांचा विश्वास बसला. गेंदालाल म्हणाला, मग सुधाकरबाबूंनाही माळ आणतो, आजच जातो. व्याससाहेबांनी जरा विचार केला आणि तोड काढली. सुधाकरने माळ घालून कामावर यावं, पागेजींच्या जोडीला बसावं. जुलैअखेर माळ खाली आली तर ते वर कळवतील की माणूस बरा आहे. नाही आली तर नाव जाईल. डॉक्टरांच्या कागदाला त्यांनी टाचणी लावून फायलीत घातलं.

संध्याकाळी मी काकांबरोबर माधव नगरला गेले. एकट्याने घरी जायची त्यांची हिंमत नव्हती, असं त्यांनीच सांगितलं. वासंतीकाकूंना बातमी आधीच कळली होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"सांगून टाकलंत?"

"सांगितलं."

"देवासच्या मुलाकडच्या मंडळींचा रविवारी निरोप यायचा होता. तेवढं तरी थांबायचं होतं ना हो." त्यांचा आवाज चढला नाही. "वर्षभर मी या घरात तेलाची कढई चढवली नाही. शेजारी वास जाईल म्हणून. पोरीला बिनफोडणीची भाजी घातली. कशासाठी?"

स्नेहा आतून आली, बापाच्या हातातली पिशवी घेतली आणि मला बसायला सांगितलं. देवासच्या मंडळींचा निरोप पुढे आलाच नाही. स्नेहा म्हणाली, तो मुलगा तसाही तिच्या मनात भरला नव्हता. ते खरं होतं की वडिलांसाठी म्हणाली, मला माहीत नाही. काकू आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनी भजी तळली आणि ताटली काकांपुढे न बोलता आदळली.

सुधाकर जुलैच्या सुरुवातीला आला. खांदे पडलेले, दाढी प्रतिभाने करून दिलेली असावी, हनुवटीखाली कापलेलं. गळ्यात हिरवी माळ, सदऱ्यावरून, सगळ्यांना दिसेल अशी. तो काकांशेजारी बसला. पहिले काही दिवस तो मोजायचा आणि त्याचा आकडा काकांशी जुळायचा नाही. काका म्हणायचे, "पुन्हा," आणि दोघं पुन्हा मोजायचे. ऑफिसचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. ते माळेकडे होतं. चहाच्या वेळी गेंदालाल येऊन वाकून बघायचा.

माळ हलेना. त्या वर्षी पाऊस असा लागला होता की घरोघरी कपडे वाळत नव्हते. त्यात सुधाकरचं टेबल नेमकं दमट कपाटाशेजारी. काड्या पहिल्या दिवशी होत्या तशाच टवटवीत होत्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "किसी-किसी को नहीं लगती," असं एक जण म्हणाला, आणि हळू म्हणाला तरी सुधाकरला ऐकू गेलं. त्याने चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी त्याने पुढे काही मोजलं नाही. प्रतिभा त्याला न्यायला आली तेव्हा तो माळ मुठीत धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पागेकाकांनी व्याससाहेबांना सांगितलं की कपाटाशी उजेड कमी पडतो, आम्ही दोघं पलीकडच्या भिंतीशी बसतो. पलीकडच्या भिंतीशी ओव्हन होता. बियाण्यातला ओलावा तपासायला तो दिवसभर चालू असे आणि एरवी त्याच्या आसपास कुणी बसत नसे, इतकं गरम व्हायचं. काकांनी दोन टेबलं स्वतः ओढत नेली. सुधाकरची खुर्ची ओव्हनच्या बाजूला आणि स्वतःची अलीकडे. दोघं घामाने निथळत मोजत बसले. मी दारातून बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

माळ लांबायला लागली. आधी छातीपर्यंत, मग छातीखाली. गेंदालालने सोमवारी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. एक जण सुधाकरच्या घरी मोसंबी घेऊन गेला. दोन दिवसांनी दुसरा गेला. प्रतिभाने मला सांगितलं, एवढ्या मोसंब्यांचं काय करू, आणि ती पदराने डोळे पुसत हसायला लागली.

मी डॉ. श्रोत्रियांना सांगितलं की चौथं प्रकरण मोडावं लागेल. लोक परत येतात, फक्त दुसऱ्या नावाने येतात. ते चिडले. त्यांनी विचारलं, आधार काय? मी म्हटलं, एक माळ. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "बेटा, ये टाइप में नहीं आएगा," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही येणार. प्रबंधाला त्यामुळे वर्षभर उशीर झाला आणि आईने आणखी दोन स्थळं आणली.

महिनाअखेर मी निगममध्ये गेले तेव्हा माळ बेंबीपर्यंत आली होती. व्याससाहेबांनी येऊन बघितली, सुधाकरच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. हार आणायला कुणीतरी टावर चौकात पळालं होतं. सुधाकर ओव्हनशेजारी बसला होता, समोर सोयाबीनचा ट्रे. मी मागच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते, पण लिहीत नव्हते.

"काका," तो मराठीत म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमची पण अशीच आली होती खाली?"

"अशीच."

"आणि आली तेव्हा बरं वाटलं तुम्हाला?"

काकांनी दाणे उजव्या हाताने एका बाजूला केले. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"नाही रे. माळ आधी आली. मी इथे आलो, हार घालून घेतला, चणे खाल्ले, तेव्हाही आतून काही वाटत नव्हतं. बरं नंतर वाटलं. इथे बसून बसून. बहुत दिवसांनी."

सुधाकर माळेकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते तसंच राहू दिलं.

"मला अजून नाही वाटत," तो म्हणाला.

"मालूम आहे," काका म्हणाले. "मोज."

त्यांनी ट्रे त्याच्यापुढे सरकवला. सुधाकरने चिमटा उचलला आणि मोजायला लागला. त्याचा आकडा दिसू नये म्हणून काका भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्याचं मोजून होईपर्यंत तसेच बसून राहिले.